चौकशी लावण्याआधी आश्रमशाळेच्या स्वयंपाकघरात या

प्रति,
मा. आदिवासी विकास मंत्री,
महाराष्ट्र राज्य

महोदय,

आश्रमशाळेतल्या पोरी रात्री ओकाऱ्या करत दवाखान्यात येतात, तेव्हा पुढचं सगळं ठरलेलं असतं. सलाइन, अधिकाऱ्यांच्या गाड्या, पेपरात बातमी, आणि शेवटी स्वयंपाकी नाहीतर कामाठी कामावरून बंद. डिसेंबर २०२३ मध्ये धानोरा तालुक्यातल्या सोडे इथल्या शंभरावर मुलींना विषबाधा झाली, तेव्हा सारा जिल्हा हादरला होता. मग पुन्हा सगळं शांत.

मी गडचिरोली जिल्ह्यात आरोग्य सेविका होते. "अन्नात पाल पडली असेल" हे मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता रागच येतो. सगळे पाल शोधत बसतात. भात किती वाजता शिजला, हे कोणी विचारत नाही. लाइन जाईल म्हणून रात्रीचा भात दुपारी चारलाच उतरवतात आणि पोरं जेवतात सातनंतर. शिजवूनही न मरणारे काही जंतू तांदळातच असतात. मोठ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, झाकलेला कोमट भात म्हणजे त्यांना वाढायला मोकळं रानच. त्यांनी सोडलेलं विष भात पुन्हा गरम केला तरी जात नाही. अन्न ६० अंशांच्या वर गरम राहिलं पाहिजे, पण ते मोजायला थर्मामीटर मी एकाही स्वयंपाकघरात पाहिला नाही.

दुसरी गोष्ट हातांची. बोट कापलेली, पिकलेली बाई कणीक मळते, कारण ती रोजंदारीवर आहे आणि खाडा केला तर मजुरी बुडते. तिच्या जखमेतल्या जंतूंचं विषही उकळून मरत नाही. तिला भरपगारी सुटी द्या. सुटी मिळाली की जखम लपवायची वेळ तिच्यावर येणार नाही.

पाण्याचं काय सांगू! पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, भाजीची गाडी येत नाही आणि विहिरीचं पाणी गढूळ होतं. पाणी शुद्ध करायच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरची पिशवी मात्र कोपऱ्यात उघडी पडून दमट झालेली असते. तिच्यातला क्लोरीन केव्हाच उडून गेलेला असतो, तरी रजिस्टरवर रोजची सही असते. ओटी टेस्टला, म्हणजे पाण्यात औषधाचे थेंब टाकून क्लोरीन तपासायला, दोन मिनिटं लागतात. पाणी पिवळं झालं नाही तर त्यात क्लोरीन नाही, हे सहावीतली पोरगीसुद्धा सांगू शकते.

यवतमाळसारख्या कापसाच्या पट्ट्यातल्या शाळांसाठी आणखी एक. २०१३ मध्ये बिहारच्या गंडामन गावात शाळेचं जेवण जेवून २३ मुलं गेली. तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक होतं. तेच औषध आपल्याकडे शेतोशेती फवारलं गेलं आहे. त्याचे रिकामे डबे स्वयंपाकघराच्या आसपासही दिसता कामा नयेत.

शाळेतल्या अन्नाबद्दल केंद्राचे २०२० चे नियम आहेत, भोजनगृहाला नोंदणी किंवा परवाना लागतो. आपल्या प्रत्येक आश्रमशाळेकडे तो आहे का, याची आदिवासी विकास प्रकल्पनिहाय यादी जाहीर करा. प्रत्येक जेवणाचा नमुना फ्रीजमध्ये एक दिवस राहू द्या. नमुनाच नसेल तर प्रयोगशाळा तपासणार काय? आणि प्रकल्प अधिकाऱ्यांना सकाळी अकराला नको, न कळवता संध्याकाळी साडेसहाला पाठवा. त्यांनी गंजाचं झाकण काढावं, भातात थर्मामीटर घालावा, आकडा लिहावा आणि त्याच पंगतीत बसून जेवावं. हा आदेश येत्या पावसाळ्याआधी निघावा, एवढी विनंती.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका
जि. गडचिरोली