रोबोची वाट आधी डोळ्यांना दिसू द्या

महोदय,
चाकणच्या वाहन कारखान्यांत वेल्डिंगचे रोबो आता नवलाईचे राहिलेले नाहीत. त्यांना काम शिकवायची पद्धत मात्र बहुतेक ठिकाणी जुनीच: टीच पेंडंट (रोबो चालवायचे बटणांचे यंत्र) हातात घ्यायचे, रोबोचा हात एकेका बिंदूपर्यंत न्यायचा आणि तो बिंदू साठवायचा. शिकवताना वेग सेकंदाला 250 मिलिमीटरच्या आत ठेवतात, तरी वेल्डिंगची टॉर्च जॉब (वेल्ड करायचा भाग) पकडून ठेवणाऱ्या फिक्श्चरला धडकतेच (नवशिक्याच्या हातून तर हमखास!). ऑगमेंटेड रिॲलिटीत, म्हणजे खऱ्या दृश्यावर संगणकाचे चित्र चढवून, टॅब्लेटमधून किंवा चष्म्यातून रोबोचा ठरवलेला मार्ग खऱ्या जॉबवरच रेघेसारखा दिसतो. आभासी हात आधी फिरवून बघता येतो, त्यामुळे लोखंड हलण्याआधीच धडक कळते.

महागड्या चष्म्याचा हट्ट नको. मायक्रोसॉफ्टने होलोलेन्स 2 या अशाच चष्म्याचे उत्पादन 2024 मध्ये थांबवले. शिवाय पडद्यावरचे चित्र आणि खरा रोबो यांत काही मिलिमीटरचा फरक राहू शकतो, म्हणून शेवटची पडताळणी पेंडंटवरच हवी.

आयटीआयमध्ये हे साध्या टॅब्लेटवर शिकवावे आणि सूचना मराठीत असाव्यात. ‘जॉइंट’, ‘ॲक्सिस’ आमच्या पोरांना कळतात. घोळ होतो तो इंग्रजीतली लांबलचक एरर वाचताना.

– एक निवृत्त वेल्डर, भोसरी