पडवीसमोरचं कलम राखलंय

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

फोनवर दोनदा विषय टाळला, म्हणून लिहितोय. आई, हे तूच वाचून दाखवशील. पुढचं वाक्य जरा दमाने वाच. बाबा, वरच्या बागेतली आंब्याची साठ कलमं मी छाटली. बारा-पंधरा फुटांवर.

तोडली नाहीत, छाटली. चाळीस फूट वाढून फांद्या एकमेकींत शिरल्या होत्या. आत ऊन नाही, आंबा फक्त शेंड्याला, फवारा तिथवर पोचत नाही. मोहोर आणायचं औषध, कल्टार, घालून अजून चार-पाच हंगाम ओढता आले असते. पण दमलेल्या बैलाला किती टोचायचं? दापोलीचं कृषी विद्यापीठही जुन्या बागांना हेच सांगतं. प्रत्येक घावाला बोर्डो पेस्ट मी स्वतः लावली. तिसऱ्या वर्षापासून आंबा धरेल. खालच्या बागेला तोवर हात लावणार नाही.

वाशीच्या व्यापाऱ्याची उचल यंदा घेतली नाही. उचल घेतली की तो म्हणेल तो भाव. तुम्हाला फोन करेल, भिडेला पडू नका. गडी मात्र एकही कमी केला नाही. आज घालवले तर तीन वर्षांनी आंबा उतरवणार कोण?

आणि बाबा, १९८१ ची ही लागवड, पहिली चार वर्षं मोहोर तुम्हीच खुडत होतात ना? मी रडलो तेव्हा खांद्यावर घेऊन वरचा तुरा माझ्याच हातून खुडवलात. बोटं चिकट झाली, रात्री आईने खोबरेल चोळलं. परवा करवत थांबली तेव्हा तोच चिकाचा वास आला.

पैशांची काळजी नको. औषधांची ठेव वेगळी आहे, पाटल्या कपाटात आहेत, घरखर्च कोकमाचं आगळ आणि काजूवर निघतो. न्हाणीत गीझर बसवला, धरायला दांडाही. चूल मोडलेली नाही गं, आई.

डोळ्यांत थेंब वेळेवर घाला. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, ताईशी वाद घालायचा नाही. दिवाळी तिकडेच करा. आत्ता ते खुंट तुम्हाला बघवणार नाहीत. मलाच बघवत नाहीत. पालवी फुटली की मी न्यायला येतो.

पडवीसमोरचं कलम तेवढं राखलंय. खरं तर तेही छाटायला हवं होतं. पण झोपाळ्याच्या दोरीचा वळ फांदीवर अजून आहे.

तुमचा,
बाळा