अर्धवट कामालाही घरात जागा हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सणासुदीचे दिवस जवळ आले की वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून घरच्या घरी हस्तकलेसाठी कोपरा कसा सजवावा, यावरचे लेख येऊ लागतात. सोबतची छायाचित्रे मोठी देखणी असतात. एकसारख्या काचेच्या बरण्या, रंगसंगतीने लावलेली रिळे, भिंतीवर टांगलेल्या कात्र्या आणि या सगळ्याच्या मधोमध एक लखलखीत, पूर्ण रिकामे टेबल. माझा आक्षेप आहे तो या रिकाम्या टेबलाला.

मी गोधड्या शिवते, गणपतीत मखर करते आणि दिवाळीत कंदील. ही कामे एका बैठकीत पुरी होणारी नाहीत. २०१८ साली राज्यात थर्माकोलवर बंदी आली, तेव्हापासून आमच्या घरचे मखर पुठ्ठ्याचे असते. पण पुठ्ठ्याचे दोन थर चिकटवले की त्यांवर वजन ठेवून ते रात्रभर दाबावे लागतात, नाहीतर सकाळी बाक धरलेले सापडतात. कंदिलाच्या कामट्यांवर लावलेला ओला कागद जागचा हलवला की हमखास सुरकुततो. गोधडीचे तर विचारूच नका. थर नीट पसरून कच्चा दोरा घालायला घ्यावा आणि तेवढ्यात पाने घेण्याची वेळ व्हावी. मग निम्मे काम गुंडाळून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी आतल्या थराला पडलेल्या चुण्या उसवून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणींचा छंद सुटला तो सामान नव्हते म्हणून नव्हे, तर रोज संध्याकाळी सगळे आवरण्याचा कंटाळा आला म्हणून. तेव्हा कलेचा कोपरा म्हणजे सामान ठेवण्याची जागा नव्हे. अर्धे काम जिथल्या तिथे, कोणीही हात न लावता, चार दिवस पडून राहू शकेल अशी जागा, असे मला वाटते.

येवल्यात पैठणी विणणाऱ्या एका घरी जाण्याचा योग आला होता. माग पुढच्याच खोलीत होता. विणकर जमिनीच्या पातळीवर बसलेले, पाय खालच्या खड्ड्यात, समोर ताणलेला ताणा. आम्हा पाहुण्यांसाठी बाजूलाच सतरंजी अंथरली होती. रात्री काम थांबले तरी माग कोणी आवरून ठेवत नाही. घरच त्याच्या भोवतीने वावरते. तो त्यांचा पोटापाण्याचा उद्योग आहे आणि माझा विरंगुळा, हा फरक मला कळतो. पण विरंगुळ्याच्या कामाकडे घरात ‘पसारा’ म्हणूनच पाहिले जाते, आणि तो पसारा घरातल्या बाईचा असेल तर जरा जास्तच, हेही तितकेच खरे.

जागा कुठून आणायची, हा प्रश्न रास्त आहे. बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची असायची आणि गिरणी कामगारांना मिळालेली घरे २२५ चौरस फुटांची आहेत. अशा घरांत राहणाऱ्यांना ‘एक स्वतंत्र खोली राखून ठेवा’ असा सल्ला देणे म्हणजे थट्टाच. चाळीत निदान गॅलरी होती. दिवाळीआधी कंदिलाच्या कामट्या तिथेच तासल्या जात आणि वाळायला टांगलेले कंदील येणारेजाणारे डोके वाकवून चुकवत.

आमच्या घरी यावर काढलेला तोडगा सांगते. दिवाणाखाली सहज जाईल अशी चार फूट बाय दोन फुटांची प्लायवूडची फळी सुताराकडून करून घेतली, तिला खाली चाके आणि चारही कडांना इंचभर उंचीची पट्टी लावली. काम करताना फळी ओढून घ्यायची आणि उठताना सुई, कापड, गोंद, सगळे आहे तसेच ठेवून आत सरकवायची. कडेच्या पट्टीमुळे मणी घरंगळत नाहीत. गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात असताना पेटीत मावणारा चरखा घडला, त्यामागची दृष्टी मला अशीच वाटते. जागा नसेल तर अवजाराने आपला आकार बदलावा. काम बंद पडू नये.

उजेडाचा विचार मात्र बरण्यांच्या आधी करायला हवा. छताची ट्यूबलाइट पाठीमागे असली की आपल्याच हाताची सावली नेमकी टाक्यावर पडते. उजव्या हाताने काम करणाऱ्याने खिडकी किंवा दिवा डावीकडे येईल असे बसावे. पावसाळ्यात कागद दमट होतात, म्हणून ते भिंतीला टेकवून ठेवू नयेत. मैद्याची खळ उरली तर टाकून द्यावी, कारण तिच्यावर झुरळे आणि कसर येते. जुने बाइंडर त्यासाठी खळीत मोरचूद घालत, पण ते विषारी आहे आणि मुलांच्या घरात त्याचे नावही काढू नये. शाडूच्या मातीचे हात मोरीत धुऊ नयेत. बादलीत धुवावेत आणि गाळ खाली बसला की वरचे पाणी ओतून माती पुन्हा वापरावी. आमची मोरी एकदा तुंबल्यानंतर हे शहाणपण आले. हल्ली रेझिनचे दागिने करण्याची टूम आहे. ते काम हातमोजे घालून आणि उघड्या खिडकीशीच करावे. झोपण्याच्या खोलीत तर मुळीच नाही.

करवतीचे, पॉलिश पेपरने घासायचे किंवा रंग फवारण्याचे काम मात्र लहान घरात होतच नाही, हे मान्य करावे लागेल. त्यासाठी गृहनिर्माण सोसायट्यांनी आपल्या कार्यालयाची खोली, जी बहुतेक ठिकाणी महिन्यातून एखाद्या सभेपुरतीच उघडते, आठवड्यातून दोन दुपारी सभासदांना द्यायला हरकत नसावी. आमच्या सोसायटीत मी तसा अर्ज दिला आहे. आपल्या पुरवणीतही कधीतरी २२५ चौरस फुटांच्या घरातला, काम चालू असलेला आणि न आवरलेला असा एखादा कोपरा छायाचित्रासह छापावा, अशी विनंती आहे.

आपली,
एक वाचक, डोंबिवली