रजईखालचा आवाज

चि. मृण्मयी हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नैरोबीहून तू पाठवलेले बाजारभावांचे वार्तापत्र तीनदा ऐकले. खोलीत आवाज घुमतो म्हणून डोक्यावर रजई घेऊन निवेदन ध्वनिमुद्रित केलेस, हे कळल्यावर बाबा हसले. मला मात्र मिरजेच्या घरात खिडकीच्या गजाला तार बांधून शॉर्टवेव्हवर बीबीसी शोधणारे आजोबा आठवले.

३१ ऑक्टोबर १९८४ रोजी सकाळी इंदिराजींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्यांच्या निधनाची बातमी आकाशवाणीने संध्याकाळी दिली, पण बीबीसीने ती कितीतरी आधी दिली होती. आजोबांनी रेडिओ बंद केला आणि "मार्क टलीने सांगितलंय, म्हणजे खरंच," एवढेच म्हणाले. वास्तविक ती बातमी मिळवली होती टलींचे दिल्लीतील सहकारी सतीश जेकब यांनी, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले. आजोबांना तर कधीच समजले नाही.

टलींविषयी मला आदर आहेच. कोलकात्यात जन्मलेला हा इंग्रज १९६५ मध्ये बीबीसीतर्फे दिल्लीत आला, हिंदीत सहज बोलू लागला, आणीबाणीत त्याला देश सोडावा लागला, तरी तो परत आला. ६ डिसेंबर १९९२ रोजी अयोध्येहून बातमी देण्यासाठी त्यांना फैजाबाद गाठून फोन शोधावा लागला आणि परतल्यावर जमावाने त्यांना काही तास खोलीत कोंडून ठेवले. तुमच्या धंद्यात पाहणे जितके महत्त्वाचे, तितकेच ते वेळेत पोहोचवणे, हे तू आता माझ्यापेक्षा अधिक जाणतेस. मात्र इतकी वर्षे एका देशात राहून मिळवलेला ऐकणाऱ्यांचा विश्वास एकट्या टलींचा नव्हता. जेकबांसारख्या माणसांच्या ओळखीपाळखींवर, त्यांनी दुसऱ्यांदा खात्री करून घेतलेल्या शब्दांवर तो उभा होता.

म्हणून एक विचारते. तुझ्या वार्तापत्रात भाजीवाली स्वाहिलीत बोलू लागते, तेव्हा तुझा आवाज येण्याआधी क्षणभर दुसऱ्याच एका बाईचा हळू आवाज येतो. बहुधा ती तुला अर्थ सांगत असावी. शेवटी फक्त तुझेच नाव आले. ती कोण? रविवारी फोन करशील तेव्हा तिचे नाव सांग, आणि पुढच्या वेळी ते घेता येईल का, हे संपादकांना विचारून ठेव.

तुझी,
आई