त्सुनामी म्हणजे वादळ नव्हे, मंत्रीमहोदय!

मा. मंत्रीमहोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या बंदरावर त्सुनामीची रंगीत तालीम झाली. आपला हसरा फलक जेटीवर अजून आहे, तेव्हा आपल्याला ठाऊक असेलच. तालमीत एका साहेबांनी वायरलेसवर हुकूम सोडला, सगळ्या नौका ताबडतोब बंदरात घ्या. भर सुकतीची वेळ, आणि खाडीच्या तोंडाशी गाळ इतका की भरतीलाही जपून यावं लागतं. माझ्या नौकेचा तांडेल, म्हणजे कप्तान, नको म्हणत होता. परवान्याची धमकी दिल्यावर बिचारा आला. नौका रुतली, पंखा खडकावर आपटला, शाफ्ट वाकला. ऐन हंगामात नौका आडवी पडलीय, खलाशांना बसून पगार देतोय, बायकोच्या बांगड्या पतपेढीत गेल्या. अहवालात मात्र ‘तालीम यशस्वी’!

बरं, हुकूम तरी धड होता का? नौका आत घेतात ती वादळात. त्सुनामीत खोल पाण्यातली नौका खोलातच ठेवायची असते. भूकंपाने समुद्राचा तळ एकदम उचलला किंवा खचला की वरचं सगळं पाणी तळापासून हलतं. चार हजार मीटर खोलीवर ती लाट ताशी 700 किलोमीटरने धावते, पण उंची हात-दीड हात. नौकेखालून गेली तरी कळायचं नाही. उथळात आली की वेग मरतो आणि पाणी चढतं. म्हणजे लाट जिथे माणसं मारते, नेमकं तिथेच आम्हाला बोलावलंत. धन्य आहे!

वर दुसरे साहेब चहा पिता पिता म्हणतात, त्सुनामी तिकडे तमिळनाडूत, कोकणात कुठली? 2004 चं नागपट्टणम तेवढं लक्षात आहे. 28 नोव्हेंबर 1945 च्या पहाटे आजच्या पाकिस्तानातल्या मकरान किनाऱ्यापुढच्या समुद्रात, पसनीजवळ 8.1 चा भूकंप झाला आणि सकाळी पाणी मुंबईत शिरलं. दोन मीटर म्हणे. पंधराएक माणसं गेली. तिथे अरबी भूपट्ट युरेशियाच्या खाली आजही सरकतोच आहे, त्याला आचारसंहिता लागत नाही.

हैदराबादचं त्सुनामी इशारा केंद्र 2007 पासून काही मिनिटांत इशारा देतं. तो मंत्रालयातून आमच्या जेटीवर कधी पोचणार? ‘निसर्ग’ वादळानंतर भोंगा कबूल झाला होता. खांब उभा राहिला, भोंगा नाही. खांबाचं बिल निघालं असेलच. निदान शाळेच्या भिंतीवर एवढं तरी रंगवा: जमीन जोरात हलली किंवा पाणी अचानक मागे हटलं तर मासे वेचायला धावू नका, उंचावर चढा. पहिली लाट गेली म्हणून खाली उतरू नका, पुढची मोठी असू शकते.

पण रंगाला पैसे नसतात, फलकाला असतात. राज्याचा किनारा 720 किलोमीटर शिकलो होतो, आता मोजून 877 की काय झाला म्हणे. किनारा वाढला, गाळ वाढला, आमचा डिझेल परतावा तेवढा आटला. विचारलं तर सांगतात, फाईल वर गेलीय. वर म्हणजे आपल्याकडेच ना?

आपला,
एक नौकामालक, रत्नागिरी जिल्हा