आप्पा, तुमच्या त्या फोनबद्दल

आदरणीय आप्पा,

सा. न.

कॉम्प्युटरवरच्या रेल्वेसाठी मालगाडीच्या शंटिंगचा, म्हणजे वॅगन पुढेमागे हलवून हव्या जागी लावण्याचा, रूट बनवतोय, असं सांगितल्यावर तुम्ही हसला नाहीत. आधी त्याचेच आभार मानतो. तुमच्याआधी ज्यांच्या दारात गेलो, त्यांतले बरेच जण हसले होते. एका साहेबांनी तर कागद हातातही घेतला नाही, "या वयात खेळणी?" एवढंच म्हणाले. दुसरे "विचारून सांगतो" म्हणाले आणि पुन्हा कधी बोललेच नाहीत. भुसावळात घराआड एक माणूस रेल्वेतला. तिथे वॅगन कशी लावतात हे सांगायला कोणी मिळू नये, याचा मला फार राग आला होता. तो अजून पुरता गेलेला नाही.

ओपन रेल्स या कॉम्प्युटरवर रेल्वे चालवायच्या प्रोग्रॅमसाठी रूळ टाकणं, सिग्नल बसवणं हे खटपट करून जमतं. गाडी सुसाट पळवायचे रूटही पुष्कळ आहेत. मला हवा होता संथ, डोक्याला काम देणारा. इंग्लंडच्या ॲलन राइट यांचं 'इंगलनूक' नावाचं शंटिंगचं कोडं आहे. तीन सायडिंग, म्हणजे वॅगन उभ्या करायच्या बाजूच्या लाईन, एकीत ५ वॅगन मावतात, बाकी दोन्हींत ३-३. शंटिंग नेकमध्ये, म्हणजे मागेपुढे करायला ठेवलेल्या रुळाच्या तुकड्यात, इंजिनाबरोबर तीनच. एकूण ८ वॅगन, त्यातल्या ५ ठरलेल्या क्रमाने लावून द्यायच्या. हे कोडं मला आपल्याकडे आणायचं होतं. तापीकाठचं एक कल्पनेतलं स्टेशन, खताचा गुड्स शेड, सरकीपेंडीची सायडिंग आणि पलीकडे केळीच्या बागा.

तुम्ही चष्मा लावून तो नकाशा बघितला आणि पहिलंच विचारलंत, "नेक किती लांब?" बीसीएनए ही बंद डब्याची वॅगन साधारण साडेचौदा मीटरची, तीन वॅगन आणि वर इंजिन, असा हिशेब मी सांगितला. "बस, एवढीच ठेव भो. जागा आखडती असली की माणूस विचार करून हालवतो." मग फाउलिंग मार्क, म्हणजे दोन लाईन जवळ येतात तिथली वॅगन उभी करायची हद्द. त्याच्या बाहेर एक चाक जरी राहिलं तरी शेजारची लाईन अडली, म्हणून तिथे गुण कापायला लावलेत. ताशी १५ किलोमीटरच्या वर तर तुम्ही जाऊच दिलं नाहीत.

पण हे पत्र लिहायला बसलो ते वेगळ्याच गोष्टीसाठी. माझी पेंडीची सायडिंग वळणावर आहे. वॅगन मागे ढकलताना शेवटी उभा राहून इशारे देणारा पॉइंट्समन ड्रायव्हरला दिसणार कसा, असं मी विचारलं. तुम्ही थोडा वेळ गप्प राहिलात. मग म्हणालात, "मला नाही माहीत. आमची लाईन सरळ होती. वळणावर ज्याने काम केलंय, त्याला विचारून सांगतो."

उभा जन्म यार्डात काढलेला माणूस माझ्यासारख्या पोरासमोर "मला नाही माहीत" म्हणतो, हे मी पहिल्यांदा पाहिलं. अर्धवट माहितीवर ठोकून देणारे गल्लोगल्ली भेटतात. तुम्हाला तसं करता आलं असतं आणि मला ते कळलंही नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, माझा चहा व्हायच्या आत, तुमचा फोन आला. जुन्या सोबत्याला गाठून तुम्ही विचारलं होतं. मध्ये दुसरा माणूस उभा करायचा, त्याने पहिल्याचा इशारा पाहून ड्रायव्हरला द्यायचा. आणि इशारा दिसेनासा झाला की ड्रायव्हरने जागीच थांबायचं. दोन मिनिटांचं बोलणं. फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तसाच बसून होतो. "सांगतो" म्हणून खरंच सांगणारा माणूस मला किती दिवसांनी भेटला होता! असा माणूस भेटला की पुढची दहा कामं करायचं बळ येतं, आप्पा. आपल्याकडे हुशारी कमी नाही, पण दिलेला शब्द लक्षात ठेवणारे कमी आहेत.

आता त्या वळणावर हिरवा बावटा घेतलेला दुसरा माणूस उभा केलाय. तो नजरेआड झाल्यावरही इंजिन चालत राहिलं, तर डाव तिथेच संपतो.

तुमच्या त्या सोबत्यांनाही माझा नमस्कार सांगा. रूट चालू झालाय. रविवारी लॅपटॉप घेऊन येतो, सोबत त्यांनाही बोलावून ठेवा. इंजिन तुम्ही चालवा, बावटा त्यांच्याकडे देऊ, आणि जिथे खटकेल तिथे मला थांबवा.

तुमचा,
शंटिंगवाला पोरगा