पॅलेटवरची बुरशी ओळखायची कशी

संपादक साहेब, नमस्कार. वाळूजच्या कंपन्यांतून भंगारात निघणाऱ्या पाईनच्या पॅलेटचं, म्हणजे माल ठेवायच्या लाकडी चौकटींचं, फर्निचर आजकाल आपल्या संभाजीनगरात गल्लोगल्ली बनतंय, आणि पावसाळ्यात त्यावर पापुद्र्यासारखी बुरशी चिकटली की सुतारापासून गिऱ्हाईकापर्यंत सगळे एकच म्हणतात, पांढरी बुरशी आहे, पुसून टाका. अहो पण नीट बघा तरी! मोबाईलचा टॉर्च मारून बघा, बारीक छिद्रं आहेत का एकदम सपाट, कडा सुटून वर वळलीये का, आणि ओली असताना नखानं ओरखडलं तर लाल होते का. पाईनसारख्या सूचिपर्णी झाडांच्या लाकडावरची स्टेरियम सँग्विनोलेंटम ही बुरशी अशी लाल होते, वाळलेली असेल तर आधी पाणी लावावं लागतं. फ्लेबिओप्सिस जायगँशिया मात्र मेणचट, करडी-पांढरी, ती तर युरोपात पाईन तोडल्या तोडल्या उरलेल्या बुंध्यांवर मुद्दाम फवारतात, मुळं कुजवणाऱ्या दुसऱ्या बुरशीला जागाच मिळू नये म्हणून. नुसत्या फोटोवरून छातीठोक नाव सांगणाऱ्यावर माझा तरी भरवसा नाही, नाव ठरवायला मायक्रोस्कोपच लागतो. पॅलेटवर एचटीचा शिक्का म्हणजे लाकूड आतपर्यंत ५६ अंशाला ३० मिनिटं तापवलेलं, पण नंतर भिजत पडलं की नवी बुरशी धरतेच. तुमच्या पुरवणीत वनस्पतिशास्त्रवाल्या एखाद्या प्राध्यापकांकडून यावर फोटोसकट अर्धं पान तरी द्या ना.

एक वाचक, छत्रपती संभाजीनगर